उताऱ्याचं लिंबू

मीरा रोड काय किंवा भाईंदर काय, ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते त्याच्यासमोरच्या संध्याकाळच्या रांगेत वाइन घ्यायला आलेला माणूस शोधावा लागतो. जाळीतून क्वार्टर, खंबे आणि गार बिअर यांची देवघेव चाललेली असते. वाइनच्या बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या उजेडात उभ्या. तरी गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या फळीवरून बाटली खाली उतरायला लागली आहे. सोसायटीची थर्टी फर्स्ट, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, नव्या फ्लॅटची पूजा झाल्यावर मित्रांसाठी वेगळी ठेवलेली संध्याकाळ, अशा प्रसंगी नाशिकची रेड किंवा व्हाइट टेबलावर येते. आणि दुसऱ्या दिवशी हमखास एक वाक्य ऐकू येतं: “व्हिस्कीचे चार पेग मी आरामात पचवतो, पण वाइनचे दोन ग्लास झाले की सकाळी डोकं नुसतं ठणकतं.”

या वाक्याची तपासणी करावी म्हणून हा लेख. त्यावर लोक सांगतात ते उपाय अनेक: लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, झोपण्याआधी लिटरभर पाणी, अंडी, पॅरासिटामॉल, आणि खास अनुभवी मंडळींचा सल्ला म्हणजे सकाळी थोडी आणखी घ्यायची. या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, ‘उतारा’. चौकात कुणीतरी हळदकुंकू लावून ठेवलेल्या लिंबालाही उताराच म्हणतात. बाधा उतरवायची असो की दारू, लिंबू दोन्हीकडे लागतं, आणि गुण आला की श्रेय लिंबालाच जातं, मधल्या काळात गेलेल्या बारा तासांना कुणी विचारत नाही. ‘खुमार’ या अरबी-फारसी शब्दाचीही गंमत आहे. मूळ अर्थ मद्य उतरताना होणारी डोकेदुखी आणि ग्लानी. मराठीत येईपर्यंत त्याची ‘खुमारी’ झाली आणि अर्थ उलटून मजेचा झाला. त्रासाचं नाव आपण सुखाला देऊन टाकलं.

तर पहिला मुद्दा. वाइनने दुखणारी डोकी दोन प्रकारची आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक दुखणं पिता पिताच सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या ग्लासानंतर अर्ध्या तासापासून तीनेक तासांत, बहुतेकदा रेड वाइननेच. दुसरं सकाळचं. रक्तातलं मद्य शून्याच्या जवळ उतरतं तेव्हा ते कळस गाठतं, आणि ते व्हिस्की, बिअर, देशी कशानेही होतं. पहिल्या प्रकारात वाइनला वेगळा दोष देता येतो. दुसऱ्यात जवळजवळ नाही.

पहिल्या प्रकाराचा सगळ्यात लाडका संशयित म्हणजे सल्फाइट. बाटलीवर ‘सल्फाइट आहे’ असं छापलेलं असतं आणि छापलेलं ते दोषी, असा आपला न्याय. युरोपात वाइनला साधारण मर्यादा अशी: रेडमध्ये लिटरला १५० मिलिग्रॅम, व्हाइटमध्ये २००. म्हणजे ज्या रेडने डोकं धरतं तिच्यात सल्फाइट कमी, आणि जिला लोक निर्धोक समजतात त्या व्हाइटमध्ये जास्त चालतं. याहून चांगला पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आहे. सांगली-तासगावकडचा पिवळाधमक बेदाणा पिवळा राहतो तो गंधकाच्या धुरीमुळे. अशा सुक्या फळांना किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइटची परवानगी युरोपीय नियमांतही आहे. शिऱ्यातले बेदाणे खाऊन ज्याचं डोकं दुखत नाही त्याने वाइनमधल्या सल्फाइटला दोष देऊ नये. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने श्वासाचा त्रास होतो, तो वेगळा आणि खरा विषय.

दुसरा संशयित हिस्टामिन. रेडमध्ये ते व्हाइटपेक्षा जास्त असतं हे खरं. पण मुरलेल्या चीजमध्ये त्याहून कितीतरी जास्त असू शकतं, आणि वाइन न सोसणाऱ्या लोकांना कमी-जास्त हिस्टामिनच्या वाइन देऊन पाहिल्या तेव्हा त्रास त्या प्रमाणात हलला नाही. काही मोजक्या लोकांच्या आतड्यात हिस्टामिन फोडणारं विकर कमी असतं, त्यांना फरक पडत असावा. बाकीच्यांसाठी हा संशयित जामिनावर सोडायला हरकत नाही.

मग रेड वाइनचं दुखणं नुसता मनाचा खेळ आहे का? नाही. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचा एक छोटा पण चतुर प्रयोग छापून आला. आपली अर्धशिशी रेड वाइनने उठते, इतर दारूने नाही, असं सांगणारे १९ रुग्ण घेतले. अकरा जणांना रेड वाइन दिली, आठ जणांना तेवढ्याच मद्याची व्होडका काहीतरी मिसळून. दोन्ही थंड करून तपकिरी बाटल्यांतून, म्हणजे रंग आणि चव कळू नये. वाइनच्या अकरांपैकी नऊ जणांना अर्धशिशी उठली, व्होडकाच्या आठांपैकी एकालाही नाही. म्हणजे मद्याखेरीज रेडमध्ये काहीतरी आहे.

ते काय, याचं सध्याचं सर्वांत रंजक उत्तर नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातून आलं. अप्रमिता देवी, मॉरिस लेव्हिन आणि अँड्र्यू वॉटरहाउस यांनी बोट ठेवलं ते क्वेर्सेटिनवर. हा पदार्थ कांद्यातही असतो आणि एरवी चांगला समजला जातो. मद्य यकृतात गेलं की त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, हे खरं विष. चेहरा लाल करणारं, मळमळवणारं, डोकं उठवणारं. मग दुसरं एक विकर त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. क्वेर्सेटिन शरीरात ज्या रूपात फिरतं ते रूप परीक्षानळीत या दुसऱ्या विकराचा हात धरतं, असं या तिघांना दिसलं. विष साचतं, डोकं दुखतं. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरॅमची गोळी हेच विकर अडवते. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी तो परिणाम जगापुढे मांडला. फरक एवढाच की गोळी मुद्दाम घेतात आणि क्वेर्सेटिन द्राक्षाच्या सालीतून नकळत येतं. हे परीक्षानळीतलं काम आहे आणि त्यावर निकाल द्यायची घाई करू नये. पण त्यात एक धागा नाशिककरांच्या कामाचा आहे. द्राक्षाच्या सालीत क्वेर्सेटिन वाढतं ते उन्हाने. घडांवरची पानं काढून टाकली, घड उन्हात ठेवले, की प्रमाण चढतं. साल रसात भिजवूनच रेड करतात, व्हाइटमध्ये साल आधीच वेगळी काढतात, म्हणून फरक. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी होते आणि जानेवारी ते मार्चच्या निरभ्र उन्हात घड पिकतात. पानांची सावली किती ठेवायची हा प्रश्न उद्या डोकेदुखीच्या हिशेबात आला तर नवल वाटू नये.

ज्याला रेडने तासाभरात दुखतं त्याच्यासाठी या सगळ्याचा व्यवहारी अर्थ अगदी साधा आहे: व्हाइट घेऊन पाहा. अर्धशिशीचा रुग्ण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि गोळीचा विषय निघालाच आहे म्हणून: जुलाबावर मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असताना पार्टीला जात असाल तर गोळीच्या पाकिटावर मद्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा.

आता सकाळचं दुखणं. चार पेग आणि दोन ग्लासांच्या त्या सुरुवातीच्या वाक्याकडे वळू, कारण त्यात एक हिशेबाची चूक दडली आहे आणि माझ्या मते या अख्ख्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

भारतीय व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची. तीस मिलीच्या पेगात मद्य सुमारे १० ग्रॅम. वाइन साडेबारा-तेरा टक्क्यांची. दीडशे मिलीच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे दीड पेग. पण दीडशे मिली भरतो कोण? आमच्या सोसायटीतल्या एका मित्राकडे मी त्याच्याच फुगीर ग्लासात तो जिथपर्यंत वाइन भरतो तिथपर्यंत पाणी भरलं आणि ते स्वयंपाकघरातल्या मापाने मोजलं. दोनशे साठ मिली भरलं. तो काठोकाठ भरतच नव्हता, ग्लास जेमतेम अर्धा दिसत होता. तसले दोन ग्लास म्हणजे पाच पेगांहून जास्त. पुरी बाटली ७५० मिलीची, तिच्यात मद्य सुमारे ९४ मिली. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली. क्वार्टर एकट्याने संपवली हे सांगताना माणूस थोडा संकोचतो, वाइनची बाटली संपवली हे कौतुकाने सांगतो. मद्य मात्र बाटलीत जास्त होतं.

वाइनला पेग नसतो, ही तिची आपल्याकडची मोठी अडचण. पेग मोजायची सवय आहे, ‘दोन झाले, बास’ असं घरी सांगता येतं. वाइनचा ग्लास मात्र रिकामा होण्याआधीच कुणीतरी भरतो, मग तो कितवा हे कळत नाही. त्यात ती सौम्य, फळांची, तब्येतीला बरी, असा समज. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे विधान केवढं गाजलं. विरोध झाला, आंदोलनाचे इशारे आले, निर्णय बारगळला. द्राक्ष बागायतदाराच्या हिताचा मुद्दा खरा होता. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून नाशिक-दिंडोरीचा चेहरा वाइनने बदलला आहे, हे कुणी नाकारू नये. पण यकृताला धोरण वाचता येत नाही. त्याच्याकडे येणारा रेणू तोच असतो.

आणि यकृताचा वेग ठरलेला आहे, तासाला साधारण सात-आठ ग्रॅम. कॉफीने, गार पाण्याच्या अंघोळीने, खिडकीतल्या वाऱ्याने तो वाढत नाही. बाटलीभर वाइन उतरायला दहाएक तास लागतात. तेवढ्यात शरीरात बरंच काही घडतं. मद्य लघवी अडवून ठेवणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे पाणी जातं. झोप लागते पटकन, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती फाटते. पहाटे चारला टक्क जाग येते ती त्यामुळे. शरीरात दाह वाढवणारी द्रव्यं चढतात. पोटाचं अस्तर चिडतं. यातलं नेमकं कोण डोकं दुखवतं यावर अजून एकमत नाही, पण पाण्याची कमतरता हे एकमेव कारण नाही एवढं नक्की. झोपताना पाणी प्यायलं की सकाळी तोंड कोरडं पडत नाही. डोक्यावर त्याचा परिणाम बेताचाच. पाणी प्या, पण त्याला उतारा समजू नका. त्यापेक्षा पिता पिता घोट-घोट घेतलेलं पाणी कामाचं, कारण तेवढा वेळ हात ग्लासाकडे जात नाही.

पिण्याच्या आपल्या रीतीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण परदेशी सल्ले इथे लागू पडत नाहीत ते यामुळेच. वाइन जिथली, तिथे ती जेवणाबरोबर येते. आपल्याकडे जेवण हा बैठकीचा शेवट. आठला बसायचं, शेव-शेंगदाण्यांचा चकणा, साडेअकराला ‘चला, आता जेवून घेऊ’, तेव्हा भात गार आणि भूक मेलेली. मधले साडेतीन तास मद्य जवळजवळ रिकाम्या पोटात जातं, सरळ लहान आतड्यात, तिथून रक्तात. जेवणाबरोबर प्यायलं तर अन्न त्याला जठरात अडवून धरतं आणि रक्तातला कळस बराच खाली राहतो. खारट चकण्याने तहान लागते, ती वाइनने भागवली जाते. व्हिस्कीची बैठक आणि वाइनचा ग्लास, हे लग्नच मुळात जुळलेलं नाही. वाइनबरोबर पापलेटची तळलेली तुकडी आणि भाकरी आधी वाढली तर निम्मा प्रश्न टेबलावरच सुटतो, हे मी अनुभवाने सांगतो, संशोधनाने नव्हे.

आमच्या शहरात हे ठाऊक असलेली माणसं आहेत. खाडीपलीकडचं नव्हे, अलीकडचंच धारावी बेट: उत्तन, डोंगरी, चौक, पाली. इथल्या ईस्ट इंडियन आणि ख्रिस्ती कोळी घरांत नाताळची वाइन ही पूर्वापार गोष्ट. काळ्या मनुका किंवा जांभळं, साखर, यीस्ट, मूठभर गहू, आणि बरणी फडक्याने बांधून काही आठवडे अंधारात. ती येते केक-कुलकुलांबरोबर, जेवणाच्या ताटाशी, आणि बशीएवढ्या ग्लासात नव्हे तर छोट्या पेल्यात. रूढीने माप ठरवलं ते असं. तरी घरच्या वाइनमध्ये मद्य किती हे कुणालाच सांगता येत नाही, गोडव्यामुळे ते कळतही नाही. आंबवणं उन्हाळी उष्णतेत भरकटलं तर जड मद्यार्कं आणि हिस्टामिन वाढतात. म्हणून घरची म्हणजे साधी, हे खरं नाही. ती जीवघेणी मात्र नसते. जीव घेते ती मिथेनॉलची भेसळ, जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी वस्तीत शंभराहून अधिक माणसं गेली ती तिनेच. दुसऱ्या दिवशी डोक्याबरोबर नजर धूसर झाली, उलट्या थांबेनात, तर लिंबू शोधू नये, रुग्णालय गाठावं.

उताऱ्यांचा इतिहासही लहान नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्याने होणाऱ्या विकारांचा. सुश्रुताने उत्तरतंत्रात पानात्ययाचे प्रकार सांगताना ‘परमद’ वेगळा काढला आहे: अंग जड, तहान, डोकेदुखी, सांधे मोडल्यासारखे. सकाळच्या दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन आजच्या माहितीपत्रकांतही मिळत नाही. चरकाने कुणी काय खाऊन मग प्यावं हे प्रकृतीनुसार सांगितलं, म्हणजे पोटात आधी काही असावं हे त्यालाही ठाऊक होतं. खजूर, द्राक्ष, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा यांचा खर्जूरादि मंथ मद्यविकारांवर देत. गोड, आंबट, पातळ. लिंबूपाण्याचा हा पूर्वजच. साखर, पाणी, क्षार पोटात जातात, बरं वाटतं, यात वाईट काही नाही. आणि प्रमाण सोडून प्यायल्याने झालेला विकार त्याच मद्याच्या योग्य मात्रेने शमतो, असंही चरकात आहे. म्हणजे ‘सकाळी थोडी आणखी’ ही कल्पना अनुभवी मंडळींनी शोधलेली नाही. तिच्यात थोडं रसायनही आहे: दारूत सूक्ष्म प्रमाणात असलेलं मिथेनॉल इथेनॉल संपल्यावर फुटू लागतं, नवं इथेनॉल ते लांबणीवर टाकतं. लांबणीवरच. हप्ता चुकवायला नवं कर्ज काढावं तसं, आणि ज्याला ही सवय लागते त्याचा प्रश्न डोकेदुखीपुरता राहत नाही.

आधुनिक तपासणी काय म्हणते? २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने उताऱ्यांवरच्या आठ चाचण्यांचा आढावा छापला: भरवशाचा एकही नाही. २०२२ मध्ये ‘अ‍ॅडिक्शन’ या नियतकालिकाने २१ चाचण्या, ३८६ माणसं पाहिली. लवंगेचा अर्क आणि एक-दोन औषधं थोडी चमकली, पण पुरावा अगदी कच्चा, आणि कुठल्याही दोन चाचण्यांत उपाय एकच नव्हता, म्हणजे एकाचं दुसऱ्याने पडताळलेलं काहीच नाही. लवंगेचं नाव वाचून आपल्या आज्यांना आनंद होईल. तरी लवंग चघळणं म्हणजे तो अर्क नव्हे. औषधांच्या दुकानात रंगीत पुड्या मिळतात, त्यांना या आढाव्यांचा काही आधार नाही.

आधी बिअर की आधी वाइन, या वादावरही निकाल लागलेला आहे. २०१९ मध्ये छापून आलेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत ९० जण घेऊन मुद्दाम दोन्ही क्रम पाजून पाहिले. क्रमाने काहीच फरक पडला नाही. सकाळ किती वाईट जाणार हे दोनच गोष्टींवरून कळलं: आपण किती चढवली असं माणसाला स्वतःला वाटत होतं, आणि उलटी झाली का. गडद आणि फिक्या दारूत मात्र फरक दिसला आहे. २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगात बर्बन व्हिस्कीने व्होडकापेक्षा सकाळ जास्त वाईट गेली, बर्बनमध्ये आंबवताना व मुरवताना तयार होणारी इतर द्रव्यं सदतीस पट. रेड वाइनही अशा द्रव्यांच्या बाबतीत श्रीमंत. पण मद्याच्या प्रमाणापुढे हा फरक किरकोळ.

गोळीबद्दल. पॅरासिटामॉल यकृतातच निवळतं, आणि यकृत रात्रभर दुसऱ्याच कामात जुंपलेलं असतं. खूप प्यायल्यावर, विशेषतः रोज पिणाऱ्याने, ती सहज घेण्याची गोळी नाही. अ‍ॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन आधीच चिडलेल्या जठराला आणखी चिडवतात. घ्यायचीच तर काही खाऊन, एक, आणि ‘झोपतानाच घेऊन टाकू’ हा शहाणपणा टाळून.

राहता राहिला एक जानेवारीच्या सकाळचा एक हिशेब. रात्री अकराला सुरू करून एकट्याने बाटली संपवली, सकाळी सातला ताजी मासळी आणायला उत्तनला गाडी काढली. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तेव्हा अंदाजे ३५ मिलिग्रॅम मद्य दर शंभर मिलीमागे उरलेलं असतं, पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात शंभराच्या वर, कारण तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अशा वेळी डोकं अजून दुखायलाही लागलेलं नसतं, कारण मद्य पुरतं उतरलेलंच नसतं, आणि माणसाला वाटतं आज आपण सुटलो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला पालिकेची बस जाते.